वडावरच्या कलकलाटात भांडणं असतात

वटवाघळांची पिल्लं माणसाच्या बाळासारखी बडबडत आवाज शिकतात, हे पनामा-कोस्टारिकातलं २०२१चं संशोधन तुमच्या लेखात वाचून फार आनंद झाला. त्याला एक जोड. २०१६ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या योसी योवेल यांच्या गटाने इजिप्शियन फळवटवाघळांचे सुमारे १५,००० आवाज तपासले. नुसता कलकलाट वाटतो त्यात खाण्यावरून, झोपायच्या जागेवरून, लगट करणाऱ्या नरावरून अशी निरनिराळी भांडणं निघाली! आवाज कुणाला उद्देशून आहे, हेही काही अंशी ओळखता आलं.

मात्र सगळी वटवाघळं आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखत उडतात, हे लेखातलं विधान कृपया दुरुस्त करा. आमच्या मराठवाड्यात गावच्या वडा-चिंचेवर दिवसभर लटकणारी मोठी वटवाघळं डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात. प्रतिध्वनी वापरतात ती मुख्यतः छोटी, किडे खाणारी. त्यांतलीही घोड्याच्या नालेसारख्या नाकाची वटवाघळं जनुकांनुसार इतर किडेखाऊंपेक्षा या फळखाऊंनाच जवळची आहेत. मग प्रतिध्वनीने वाट ओळखायची ही शक्ती दोनदा वेगवेगळी आली, की एकदाच येऊन फळखाऊंनी गमावली? शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. यावर सविस्तर लिहाच, आमच्या शाळेतली पोरं वाट बघतील.