किंगपिनकडून यशाचे मंत्र शिकताय? आधी अंक तर वाचा

गेले पंधरा दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्याकडे तो तीन वाटांनी आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी भाच्याकडून. भाचा बाणेरला खोली घेऊन एमबीए करतो. त्याने खाली लिहिलं होतं, "मामा, तुझ्या कॉमिक्समधला माणूस. वाच, भारी आहे."

वाचलं. पांढऱ्या कोटातल्या एका टकल्या, अगडबंब माणसाचं चित्र आणि वर मथळा, 'किंगपिनकडून शिका यशाचे पाच मंत्र'. मंत्र असे: एक, गरिबीतून निव्वळ बुद्धीच्या बळावर न्यूयॉर्कचा सम्राट झाला. दोन, स्वतःचे हात कधी मळू दिले नाहीत. तीन, कुटुंब सर्वांत आधी. चार, डेअरडेव्हिलसारख्या शत्रूला एक ठोसाही न मारता कायमचा संपवला. पाच, एकही डाव हरला नाही. तळाशी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

ज्यांना हा गृहस्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: किंगपिन म्हणजे विल्सन फिस्क, मार्व्हल कॉमिक्समधला न्यूयॉर्कच्या गुन्हेगारीचा म्होरक्या. उडता येत नाही, डोळ्यांतून किरण निघत नाहीत, कसलीही अमानवी शक्ती नाही. डेअरडेव्हिल हा त्याच कॉमिक्समधला मुखवट्यातला नायक, त्याचा हाडवैरी. काल्पनिक गुन्हेगाराकडून कुणी मॅनेजमेंट शिकत असेल तर माझी तक्रार नाही. आपल्याकडे लोक सासू-सुनांच्या मालिकांतूनही गुंतवणुकीचे धडे काढतात. पण ज्याच्या नावावर मंत्र खपवायचे, त्याची गोष्ट निदान एकदा तरी वाचलेली असावी. डेक्कनच्या फुटपाथवरून जुने अंक गोळा करण्यात माझी कॉलेजची वर्षं गेली, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागलं असेल.

पहिला मंत्र. फॉरवर्डमध्ये त्याच्या बालपणाचं रसभरीत वर्णन आहे. बाप आईला मारायचा, पोराने हातोडा उचलला आणि बापाला संपवलं. प्रसंग चांगलाच आहे, पण तो २०१५ मध्ये आलेल्या 'डेअरडेव्हिल' मालिकेतला. व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओने तो फिस्क असा काही उभा केला की पुष्कळांना आता तेच मूळ वाटतं. मूळ किंगपिन जुलै १९६७ ची तारीख असलेल्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ५०व्या अंकात आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॉन रोमिटा. त्या अंकात त्याला आई नाही, बाप नाही, बालपण नाही. तो थेट सिगार ओढत, काठी टेकत येतो. स्पायडर-मॅनने कंटाळून पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकलाय, शहर मोकळं पडलंय आणि या पठ्ठ्याला सगळ्या टोळ्या एका छत्राखाली आणायच्या आहेत. भूतकाळाची गरजच कुणाला पडली नव्हती.

तो नंतर जोडला गेला, वेगवेगळ्या लेखकांनी, सवडीप्रमाणे. १९९३ च्या 'द मॅन विदाउट फिअर'मध्ये फ्रँक मिलरने दाखवलं की फिस्क हा डॉन रिगोलेटो नावाच्या जुन्या म्होरक्याच्या पदरी असलेला माणूस. त्याने धन्यालाच मारलं आणि खुर्ची घेतली. (ती चित्रं काढली जॉन रोमिटा ज्युनियरने. बापाने जन्माला घातलेल्या पात्राचा भूतकाळ मुलाने रंगवला, हा योग मला फार आवडतो.) म्हणजे किंगपिनचं चरित्र ही गोधडी आहे, दर तुकडा वेगळ्या लुगड्याचा. फॉरवर्डवाल्याने मालिकेचा एक तुकडा, कॉमिक्सचा एक तुकडा घेऊन त्याला आत्मचरित्र म्हटलं. आणि 'बुद्धीच्या बळावर' म्हणाल, तर अंगरक्षकाने मालकाचा काटा काढण्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.

दुसरा मंत्र चित्र पाहूनच निकालात निघायला हवा होता. मार्व्हलच्या अधिकृत माहितीनुसार हा माणूस सहा फूट सात इंच उंच आणि ४५० पौंड वजनाचा, म्हणजे दोनशे किलोंच्या पुढे. त्यात जवळजवळ सगळे स्नायू. सुमोपटूसारखं शरीर आहे आणि व्यायाम म्हणून तो एकाच वेळी अनेकांना अंगावर घेतो. चिंचेच्या तालमीतला कुठलाही वस्ताद सांगेल, पोट मोठं असणं वेगळं आणि पोट सुटणं वेगळं. पहिल्या फेरीतच तो स्पायडर-मॅनशी हातघाईवर येतो. शिवाय टायपिनमधून गुंगीचा धूर सोडतो, काठीतून किरण सोडतो. साठच्या दशकाचा बालिशपणा होता तो, पुढे काठी नुसती काठी राहिली. पण हात मळण्याची हौस कधी गेली नाही.

फॉरवर्डने जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. जगासमोर फिस्क स्वतःला काय म्हणवतो? मसाल्याचा साधा व्यापारी! मार्केट यार्डातल्या भुसार विभागात गोण्यांच्या आड गादीवर बसलेला, पांढऱ्या कपड्यांतला, कमी बोलणारा शेठ डोळ्यांसमोर आणा. वेलदोड्याचा भाव सांगता सांगता तो अर्ध शहर चालवतोय. न्यूयॉर्कचा किंगपिन मला कळला तो या प्रतिमेमुळे.

आता कुटुंब. फिस्कचं बायकोवर, व्हेनेसावर, खरोखर प्रेम आहे, आणि इतक्या क्रूर माणसाची गोष्ट वाचावीशी वाटत राहते याचं ते एक कारण आहे. तिच्या शब्दाखातर त्याने धंदा सोडला होता. १९८१ मध्ये मिलरने त्याला स्पायडर-मॅनकडून उचलून डेअरडेव्हिलच्या गोष्टीत आणलं (१७०वा अंक), तेव्हा तो जपानमध्ये निवृत्त होऊन बसला होता. मग व्हेनेसाचं अपहरण झालं, ती मेली असं त्याला वाटलं आणि तो पुन्हा जुन्या वाटेला लागला. ती मेली नव्हती. स्मृती हरवून शहराखालच्या गटारांत भटकत होती. डेअरडेव्हिलने तिला शोधून परत आणलं आणि त्याबदल्यात फिस्कला महापौरपदासाठी पुढे केलेला आपला माणूस मागे घ्यायला लावला. इथपर्यंत 'कुटुंब आधी' म्हणायला मी तयार आहे.

पण मुलाचं काय? रिचर्ड फिस्क १९७० मध्ये 'स्कीमर' हे नाव घेऊन, वेषांतर करून बापाच्याच धंद्यावर उठला. आईबाप त्याला मेलेला समजत होते. मुखवट्यामागे आपलाच मुलगा आहे हे कळल्यावर किंगपिन जागच्या जागी सुन्न झाला, पुतळ्यासारखा. पुढे २००१-०२ च्या अंकांत रिचर्ड बापाच्या माणसांच्या कटात सामील झाला. त्यांनी फिस्कला सीझरसारखं घेरून भोसकलं. तो वाचला. व्हेनेसाने सूड घेतला, त्यात पोटच्या पोराला स्वतःच्या हाताने गोळी घातली, आणि मग नवऱ्यापासून दूर गेली. हा मंत्र ज्याने लिहिला त्याने आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवण्याआधी एवढा भाग तरी वाचावा.

चौथ्या मंत्रावर मात्र मी थांबणार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी गोष्ट आहे.

'बॉर्न अगेन', डेअरडेव्हिलचे अंक २२७ ते २३३, १९८६. लेखक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक, दिवसा आंधळा वकील, रात्री मुखवट्यातला पहारेकरी. त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज व्यसनात पार खचलीय. एका सुईसाठी ती त्याचं खरं नाव विकते. नाव लिहिलेला लिफाफा हातोहात वर जात किंगपिनपर्यंत पोचतो. तो लगेच मारेकरी पाठवत नाही. आधी महिनोन् महिने खात्री करून घेतो. त्या लिफाफ्याला हात लागलेल्या प्रत्येकाला संपवायचा हुकूम देतो, कॅरनसकट. आणि मग सुरू होतो कागदांचा मारा.

मर्डॉकचं बँकेचं खातं गोठतं. आयकर खातं मागे लागतं. घराचे हप्ते मिळालेच नाहीत असं कळवलं जातं. एक इमानदार पोलीस अधिकारी, निक मॅनोलिस, शपथेवर खोटं सांगतो की या वकिलाने साक्षीदाराला पैसे दिले. का सांगतो? त्याचं पोर आजारी आहे आणि उपचाराची सोय दुसऱ्या कुणीतरी करून दिली आहे. वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सन जीव तोडून लढतो, त्यामुळे तुरुंग टळतो, पण वकिलीची सनद जाते. इथे ना किरण, ना राक्षस. नुसत्या नोटिसा. ज्याने आयुष्यात एकदा तरी 'आपला अर्ज आमच्याकडे प्राप्त नाही' हे वाक्य खिडकीपलीकडून ऐकलंय, त्याला हा भाग कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त घाबरवेल. फॉरवर्डवाल्याचा 'एक ठोसाही न मारता' इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

आणि इथेच तो वाचायचा थांबला असावा. कारण मर्डॉकला या क्षणापर्यंत कळलेलंच नसतं की यामागे कुणी आहे. तो नशिबाला बोल लावतोय. किंगपिनने आता काहीही केलं नसतं, तर जगातला सर्वांत परिपूर्ण गुन्हा झाला असता. पण त्याला राहवत नाही. तो मर्डॉकचं घर बॉम्बने उडवून देतो. ढिगाऱ्यात मर्डॉकला आपला फाटका लाल पोशाख सापडतो आणि डोक्यात लख्ख उजेड पडतो. आयकरवाले बॉम्ब ठेवत नाहीत! काम सुरेख केलंस, पण त्यावर सही करायला नको होती, अशा अर्थाचं काहीतरी तो मनात म्हणतो. पहिला अंक तिथे संपतो.

मला विचाराल तर किंगपिनचं सगळं चरित्र त्या सहीत आहे. पोलीस आणि बँका त्याने पैसे आणि भीती वापरून विकत घेतल्या, त्यांची कामं त्यांनी चोख केली. त्यात चूक झाली ती फक्त मालकाच्या हौसेची. शत्रू मेला की त्याला पुरत नाही. आपण मारलं हे शत्रूला कळलं पाहिजे.

पुढचं थोडक्यात. अर्धवट वेडा झालेला मर्डॉक त्याच्या कचेरीत चालून जातो. तिथे ठोसेच ठोसे आहेत, आणि ते किंगपिन स्वतः मारतो. मग मर्डॉकला दारूने भिजवून एका टॅक्सीत बांधतात. ड्रायव्हरला मर्डॉकच्याच दंडुक्याने मारलेलं आहे, आळ कुणावर येणार ते उघड आहे. टॅक्सी ईस्ट रिव्हरमध्ये ढकलली जाते. काही दिवसांनी ती सापडते, पण आत प्रेत नाही. ज्या माणसाला कशाचीच भीती नव्हती त्याची झोप या दोन शब्दांनी उडते: प्रेत नाही. घाबरून तो न्यूक नावाचा डोकं फिरलेला सैनिक भर वस्तीवर सोडतो, निरपराध मरतात, आणि अखेरीस बेन यूरिक नावाचा वार्ताहर सगळं छापतो. फिस्क तुरुंगात जात नाही, पण प्रतिष्ठित व्यापाऱ्याचं सोंग गळून पडतं. मर्डॉक मात्र कॅरनचा हात धरून गल्लीतून चाललेला असतो. 'कायमचा संपवला' तो हाच.

पाचव्याला आता काय उत्तर द्यायचं? १९९२ पर्यंत डेअरडेव्हिलच्या 'लास्ट राइट्स' या कथेच्या चार अंकांत त्याचं होतं नव्हतं ते गेलं. २०१७ च्या सुमारास तो चक्क न्यूयॉर्कचा महापौर झाला, लोकांनी मतं देऊन. पाच वर्षं झाली नाहीत तोवर तेही गेलं, आणि जाता जाता त्याने मॅट मर्डॉक समजून त्याच्या जुळ्या भावाला ठार मारलं. (हा भाऊ कुठून उगवला ते विचारू नका, त्याला वेगळा लेख लागेल.) एक साधा व्यवहारही आहे. अमेरिकन कॉमिक्सवर १९५४ पासून एक आचारसंहिता होती, तिचा दंडक असा की शेवटी सत्प्रवृत्तीच जिंकली पाहिजे. शिवाय दर महिन्याला नवा अंक निघतो. खलनायक पुरता जिंकला तर मासिक बंद, पुरता हरला तरी पंचाईत. तेव्हा हरणं हीच त्याची नोकरी आहे, आणि ती तो साठाच्या आसपास वर्षं नेमाने करतोय.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. पाऊण तास. तो म्हणाला, "मामा, म्हणजे बॉम्ब नसता ठेवला तर जिंकला असता ना?"

"असता."

"मग मंत्र बरोबरच आहे. फक्त सही करायची नाही."

रविवारी ते सात अंक न्यायला येतोय. म्हटलं नेऊ देणार नाही, इथे बसून वाच, आणि चहाचा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.