धोका टळला, की शेजाऱ्याच्या दारात गेला?

हवामान बदलाशी ‘जुळवून घेण्या’ची कुठलीही योजना वाचली की मी आधी एकच गोष्ट शोधते. यात धोका कमी झालाय, की फक्त जागा बदलून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसलाय?

नदीच्या एका काठाला उंच बांध घातला की त्या काठावरची वस्ती निर्धास्त होते. पाणी मात्र नाहीसं होत नाही, ते समोरच्या काठावर चढतं. एसीचंही तेच. खोलीतली उष्णता बाहेर फेकली जाते आणि बाहेर उन्हात राबणाऱ्याचा ताप आणखी वाढतो. हेतू कुणाचाच वाईट नसतो, पण याला जुळवून घेणं म्हणायला माझं मन तयार होत नाही.

जुळवून घेण्याचा धडा उद्योगांनी 2011 साली चांगलाच घेतला. थायलंडच्या महापुरात अयुथ्थयाच्या परिसरातल्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथे तयार होत होता, त्यामुळे पूर एका देशात आणि तुटवडा जगभर अशी गत झाली. त्यानंतर कंपन्या सुटे भाग एकाऐवजी दोन ठिकाणांहून घेण्याचा विचार करू लागल्या आणि वसाहतींभोवती पूररोधक भिंती उभ्या राहिल्या. शहाणपणाचंच होतं ते. पण यंत्रं कोरडी राहिली आणि ती चालवणारी माणसं भिंतीपलीकडे कमरेएवढ्या पाण्यात अडकली, तर कारखाना चालवणार कोण? कामगाराचं घर, त्याचा येण्याजाण्याचा रस्ता, त्याच्या मुलांची शाळा हे सगळं कंपनीच्या आपत्ती आराखड्यात असायला हवं. दयेपोटी नको, धंद्याची गरज म्हणूनच हवं.

विमा कंपन्यांचं वागणं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. मे 2023 मध्ये ‘स्टेट फार्म’ या अमेरिकेतल्या मोठ्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणं थांबवलं. वणव्यांसारख्या आपत्तींचा वाढता धोका आणि बांधकामाचा वाढलेला खर्च ही कारणं तिने स्वतःच दिली. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण कंपनी बाजूला झाली तरी घर तिथेच राहतं आणि वणवाही यायचा थांबत नाही. विमा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही. आयुष्यभराची कमाई घातलेलं घर विकताही येत नाही आणि त्यात निर्धास्त राहताही येत नाही.

आता बांगलादेशाकडे बघा. 1970 च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. 1991 मध्ये सुमारे एक लाख अडतीस हजार. 2020 मध्ये अम्फान आलं तेव्हा वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा काही दहांच्या घरात राहिला. हा फरक घडवण्यात पक्क्या निवाऱ्यांइतकाच वाटा दारोदार फिरणाऱ्या माणसांचा आहे. 1972 पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहत गेली. झेंडे, कर्णे आणि ओळखीचा चेहरा, ही त्यांची मुख्य साधनं. ओळखीचा चेहरा महत्त्वाचा, कारण रेडिओवरच्या आवाजाला माणूस ‘बघू’ म्हणतो, पण दारात उभ्या असलेल्या शेजारणीला तसं म्हणता येत नाही.

आणि लोक निवाऱ्यात का जात नव्हते, हेही तिथे समजून घ्यावं लागलं. बायकांना वेगळी जागा नव्हती, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची त्यांना भीती वाटायची. गुरं मागे सोडून जायला जीव होत नव्हता. 1991 मध्ये मृतांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पुढे बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी उंचवटे आले, आज स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. इथे धोका कुणाकडे ढकलला गेला नाही, तो खरोखर घटला. (जीव वाचतात, हे खरं. पण बांध फुटून खारं पाणी घुसलं की शेत नापीक होतं, त्याचं उत्तर तिथेही अजून पुरतं मिळालेलं नाही.)

नेदरलँड्समध्ये 1995 च्या पुरावेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी त्या देशाने पुढे नदीलाच जागा करून द्यायचं ठरवलं. ओव्हरडीप नावाच्या भागातली शेतं पुराच्या वेळी पाण्याखाली जाऊ द्यायची होती. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा मांडला: पाणी येऊ दे, आम्ही मातीचे उंचवटे घालून घरं आणि गोठे त्यांवर बांधतो. सरकारने ते ऐकलं. मात्र सगळ्यांना पुरेल एवढी जागा उरत नव्हती, म्हणून बरीच कुटुंबं मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. त्या जाणाऱ्यांचाही विचार योजनेत आधीपासून होता. मी एखादी योजना वाचताना शेवटी शोधते ते हेच पान.