मराठी बंद केली की इंग्रजी येते म्हणे

मागच्या रविवारी नाशिकच्या सिडकोत ताईकडे गेले. दारातच सहा वर्षांच्या भाच्याने 'मावशी, कम, सिट' म्हणून स्वागत केलं. मला गंमत वाटली. आत ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या सटाण्याकडच्या, घरात अहिराणी बोलतात. त्यांनी सवयीने नातवाला 'जेवना का रे?' विचारलं, तर स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "आई, नका ना त्याच्याशी असं बोलू, महिनाभर तरी!" सासूबाईंनी माळ उचलली आणि जपाला लागल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "पोरगं पाहुण्यासारखं वागतं आता."

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आहे. तुमच्याकडेही आला असेल. 'फक्त ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी', पाच कलमं, प्रत्येकापुढे हिरवी खूण, शेवटी 'मुलांच्या भविष्यासाठी ११ जणांना पाठवा'. कलमं अशी: घरात मराठी पूर्ण बंद करा, कारण मेंदूत एका वेळी एकच भाषा रुजते. रोज १५ मिनिटं पुरेत. व्याकरणाला हात लावू नका. बोलण्यात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व असतं, बाकी हावभाव. आणि सबटायटल्स बंद करून इंग्रजी सिनेमे बघा, अ‍ॅक्सेंट आपोआप येतो. ताईने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा मी न वाचता अंगठा दाखवून मोकळी झाले होते. म्हणजे थोडं पाप माझ्याही माथी आहे.

मी द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं सांभाळते. शाळा मराठीच. रोजचे ईमेल आणि फोन इंग्रजीत, त्यामुळे हे काही पुस्तकातून बोलत नाही.

पहिलंच कलम सगळ्यात वाईट, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते. मेंदूत एकच भाषा रुजते म्हणे! ज्या घरात हा मेसेज वाचला गेला त्याच घरात बघा. भावजी आईशी अहिराणी बोलतात, ताईशी मराठी, अंबडच्या कंपनीत बिहारी ऑपरेटरशी हिंदी. तीन भाषा एका डोक्यात सुखाने नांदतायत, एकीने दुसरीला हुसकावलेलं नाही. रामकुंडावर पूजेचं सामान विकणारे यात्रेकरूची बोली ऐकून हिंदीतून गुजरातीत जातात, त्यांना कोणी मराठी सोडायला लावली नव्हती. आणि आपल्याच नाशिकचे कुसुमाग्रज? प्राथमिक शाळा पिंपळगाव बसवंतला, कॉलेज एचपीटी, आणि पुढे शेक्सपिअर मराठीत आणला. मराठी बंद ठेवून आणला असता का?

पण खरं नुकसान वेगळंच आहे. ताईचं इंग्रजी चाळीस-पन्नास वाक्यांचं. कम, सिट, ईट फास्ट, डोन्ट डू लाइक दॅट. मराठी बंद केल्यावर पोराच्या वाट्याला तेवढीच वाक्यं उरली. आधी ही बाई त्याला दिवसभर काय काय सांगायची! कणीक का चिकटते, खालचे काका का चिडले, तिच्या लहानपणी गोदेला पूर आला तेव्हा काय झालं. आता सगळं बंद, कारण 'चिकटते'ला तिच्याकडे शब्द नाही. म्हणजे घरात इंग्रजी आलं नाही, फक्त बोलणं कमी झालं.

त्याचा फटका त्याच आठवड्यात बसला. पोराचं पोट दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मराठीतच विचारत होते, कसं दुखतंय, कुठे दुखतंय. पोरगं आईकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "पेनिंग." अजून विचारलं, "मच पेनिंग." आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते, ठणकतं, चमक निघते, चुरचुरतं, मळमळतं, जळजळतं. त्याला ते येत होते, मागच्याच महिन्यात 'मावशी, घसा खवखवतोय' म्हणाला होता. पण आई शेजारी बसलेली, आणि मराठी बोललं की आई ओरडते एवढं त्याला पक्कं कळलेलं. शेवटी डॉक्टरांनी ताईला जरा बाहेर बसायला सांगितलं. मग 'मळमळतंय' बाहेर आलं, आणि त्याच्या मागोमाग शाळेबाहेर खाल्लेला बर्फाचा गोळाही.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलंय की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवा. धोरण कोण पाळतं ते सोडा. पण निदान घरातून तरी घरची भाषा हाकलू नका.

आता ३० दिवस आणि १५ मिनिटं. गुणाकार करा, साडेसात तास होतात. केंब्रिजवाले, म्हणजे जगभर इंग्रजीच्या परीक्षा घेणारे, प्रत्येक पातळीला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण किती तास लागतात ते सांगतात. ए-२ ही पातळी, म्हणजे दुकानात, बसमध्ये, ओळखपाळखीत निभावून नेण्यापुरतं इंग्रजी, त्याला १८० ते २०० तास. बी-१, म्हणजे अडलं-नडलं तरी आपलं म्हणणं मांडता येईल इतकं, त्याला ३५० ते ४००. आणि बी-२ला, जिथे माणूस बऱ्यापैकी सहज बोलू लागतो, ५०० ते ६००. 'फाडफाड' त्याच्याही पुढे. फॉरवर्डच्या हिशोबाने रोज १५ मिनिटं धरली तर नुसत्या ए-२लाच दोन वर्षं लागतील. रोज तासभर दिला तर सहा-सात महिने. ह्यात निराश होण्यासारखं काही नाही, उलट महिन्याभरात जमलं नाही म्हणून स्वतःला ढ समजणाऱ्यांनी हे आकडे फ्रिजवर लावावेत. आणि हे तास समजून केलेल्या कामाचे आहेत. सबटायटल्स बंद करून, एक वाक्य न कळता पाहिलेला सिनेमा त्यात धरत नाहीत. पाचवं कलम तिथेच निकालात निघालं. राहिला अ‍ॅक्सेंट, तर आमची द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात आणि तिथला खरेदीदार डच वळणाचं इंग्रजी बोलतो. त्याला त्याची लाज वाटत नाही, मी का वाटून घेऊ?

सात टक्क्यांची गोष्ट मात्र फार जुनी थाप आहे. अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ सालचे प्रयोग. सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात, वेगवेगळ्या चेहऱ्यांसोबत दाखवायचे आणि समोरच्याला आवड वाटते की नावड ते विचारायचं. भावनेपुरता हिशोब होता, आणि सगळ्या बोलण्याला तो लावू नका असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. फोनवर कुठले हावभाव? मी एकदा कार्टनचा आकडा 'फिफ्टीन' सांगितला आणि पलीकडच्याने 'फिफ्टी' लिहून घेतला. तेव्हापासून मी आकडा सांगितला की पुढे 'वन-फाइव्ह' किंवा 'फाइव्ह-झिरो' असं सुटं करून सांगते आणि समोरच्याकडून परत वदवून घेते. रोजच्या इंग्रजीचा सराव म्हणजे माझ्या मते हा. रीफर कंटेनरचं, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या कंटेनरचं, तापमान शून्याच्या आसपास ठेवा हे हसून सांगा की रडून, शब्द चुकला तर माल गेला.

व्याकरणाबद्दल, नाइलाजाने का होईना, अर्धं मान्य करते. शाळेत आम्हाला अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करायला वर्षानुवर्षं शिकवलं आणि रस्ता विचारायला कधीच शिकवलं नाही. चुकेल ह्या भीतीने तोंड न उघडणारी माणसं मी रोज बघते. त्यांना 'व्याकरण विसरा' म्हणणं औषधासारखं लागू पडतं, पण औषध दोन दिवसांचंच. आपण मराठीत प्रश्न विचारताना वाक्य तसंच ठेवून शेवटी 'का' लावतो, म्हणून 'यू केम यस्टरडे का?' तोंडात येतं. इंग्रजीत आधी 'डिड' आणायचं आणि मग 'केम'चं 'कम' करायचं, हे मोठ्या माणसाला कोणी दहा मिनिटं समजावलं तर कळतं. नाही सांगितलं तर वीस वर्षं 'डिड यू केम' चालू राहतं. आमच्याकडे चालू आहे, नाव घेत नाही.

त्या रविवारी ताईशी भांडण झालंच. ती शेवटी म्हणाली, "तुला काय, पालकसभेत मी मागच्या बाकावर बसते. मॅडम इंग्लिशमध्ये बोलतात, बाकीच्या बाया उत्तरं देतात, मी मान हलवते." हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे इंग्रजी पोराला नको होतं, तिला हवं होतं.

मग ओट्यापाशी उभ्या राहून आम्ही पालकसभा भरवली. मी मॅडम झाले. डबा परत येतो, गणिताला घाबरतो, बाक बदलून द्या, एवढंच तिला विचारायचं होतं. आधी मराठीत नीट ठरवलं, मग इंग्रजीत चार वाक्यं केली, वीसेक वेळा म्हटली. पहिल्या पाच वेळा ती हसत सुटली. सासूबाई दारात येऊन बघत होत्या, म्हणाल्या, मलाही मॅडम करा.

सभा येत्या शनिवारी आहे. चार वाक्यं तिने लाइटबिलाच्या मागे लिहून फ्रिजला चिकटवलीत. तिसऱ्यात 'डिड'नंतर 'केम'च आहे. ती बोलून येऊ दे, मग सांगेन.