ड्रिल हॉलच्या भिंतीतल्या त्या कड्या कैद्यांच्या नाहीत

मंगळवारी संध्याकाळी कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि एरवी त्या नऊलाच झोपतात. "अगं, पोरांना त्या हॉलात पाठवू नकोस. तिथं आपल्या लोकांना साखळदंडानं बांधून मारलंय." आवाज रडवेला होता. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, भिशीच्या ग्रुपवर आलंय, फोटोसकट.

"तो हॉल" म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या गावातला जुना ड्रिल हॉल, गावच्या हौशी सैनिकांच्या कवायतीसाठी बांधलेली इमारत. दर शनिवारी आमची मराठी शाळा तिथे भरते आणि गणपतीही तिथेच बसतो. मेसेज असा: १८५७ चा उठाव चिरडायला विलायतेत गावोगावी ड्रिल हॉल बांधले, तेही भारतातून लुटलेल्या पैशाने. हिंदी शिपायांना जहाजातून आणून त्यांच्या तळघरांत डांबलं. भिंतीतल्या लोखंडी कड्या आणि गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. दारातल्या पाट्यांवर आपल्या लोकांना मारणाऱ्यांची नावं कोरली आहेत. किल्ल्यासारखी बांधणी प्रजेला धाक दाखवायला केली. आणि आज मराठी माणसं तिथे लेझीम खेळतात, लाज वाटली पाहिजे, पुढे पाठवा. हा मेसेज आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही आला आणि शनिवारी तीन घरची मुलं शाळेला आली नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तळघर आणि कड्या, कारण मुलं घाबरली ती त्यामुळे.

आमचा हॉल टेरिटोरियल, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सैनिकी शिकणाऱ्या गावकऱ्यांच्या, तोफखान्याच्या तुकडीसाठी बांधलेला. तोफा ओढायला घोडे लागत, त्यामुळे हॉलच्या मागे तोफांची लांबरुंद दारांची शेड आणि तिला लागून तबेला. कड्या त्या तबेल्याच्या भिंतीत आहेत. माझ्या छातीइतक्या उंचीवर, ठरावीक अंतराने, एका ओळीत. खाली निळसर विटांची जमीन, पाय घसरू नये म्हणून विटांवर चौकडीच्या खाचा, मधोमध पाणी वाहून जायला नाली. एका कोपऱ्यात ओतीव लोखंडाची गव्हाण अजून भिंतीला आहे. मेसेजमधल्या फोटोत फक्त कडी आणि अंधार होता. मी बुधवारी जाऊन दिवा लावून सगळ्या खोलीचा फोटो काढला आणि सासूबाईंना पाठवला. त्यांच्या माहेरी गोठ्यात दहाबारा जनावरं असायची. दोन मिनिटांत फोन आला, "अगं, ही तर गव्हाण! ही दावण आहे. माणसाला कुणी नालीवर बांधतं का?" यापुढे मी काय पुरावा देणार?

मग त्यांनी विचारलं, गोळ्यांचं काय? गोळ्यांच्या खुणा खऱ्या आहेत. तळघरात एक लांब बोळ आहे, साधारण पंचवीस यार्डांचा. एका टोकाला झोपून नेम धरायची जागा आणि दुसऱ्या टोकाला तिरका पोलादी पत्रा. त्याला थडकून गोळी खालच्या वाळूत पडायची. पावसाळी गावात संध्याकाळी, दिवसाचं काम आटोपून आलेल्या गिरणी कामगारांना आणि कारकुनांना नेमबाजी शिकवायची तर छताखाली सोय हवीच. असे छोटे रेंज कितीतरी ड्रिल हॉलमध्ये होते. बंदूक बहुधा पॉइंट टू टू, एनसीसीत तुम्ही-आम्ही चालवली तीच जात. खुणा आहेत त्या पत्र्याभोवती, टार्गेटच्या उंचीला. बाजूच्या भिंतीवर एखाददुसरी, कुणा नवख्याचा नेम चुकलेला. ज्याला फासावर द्यायचं त्याला कुणी पंचवीस यार्डांवरून पॉइंट टू टूने मारत नाही.

आणि मुळात कैदी आणायचे कशाला? १८५७ मधल्या कैद्यांचं काय झालं हे शाळेच्या पुस्तकात आहे. मार्च १८५८ मध्ये पहिली तुकडी अंदमानला नेली, त्यालाच आपण काळं पाणी म्हणतो. बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवलं. खुद्द कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, आणि पुढे चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं. ज्या शहरातून हा मेसेज मला आला, त्या शहराचा राजपुत्र कुठे नेला हे तिथल्या माणसांना तरी आठवायला हवं होतं. सुएझचा कालवा १८६९ चा. त्याआधी कैद्यांना आफ्रिकेला वळसा घालून आणायचं, तेही ज्या इमारती अजून बांधल्याच नव्हत्या त्यांच्या तळघरांत! खरे लोक फासावर गेले, तोफेच्या तोंडी गेले, समुद्रापार गेले. त्यांच्या जागा आणि तारखा ठाऊक आहेत. त्यांच्या नावावर खोटी तळघरं खपवणं हा त्यांचाच अपमान आहे आणि मला तो सहन होत नाही.

आता मूळ दावा, उठाव चिरडायला हॉल बांधले हा. याला एकच कागद पुरे आहे. १२ मे १८५९ ला ब्रिटिश युद्धमंत्री जोनाथन पील यांनी परगण्यांच्या लॉर्ड लेफ्टनंटांना, म्हणजे तिथल्या राणीच्या प्रतिनिधींना, परिपत्रक पाठवलं. व्हॉलंटिअर रायफल तुकड्या उभारायला त्याने परवानगी मिळाली, आणि ड्रिल हॉल आले ते त्या तुकड्यांच्या मागून. अटी वाचा. शस्त्रं आणि सामान ज्याचं त्याने आणायचं, खर्च आपला आपण करायचा. वर्षाला चोवीस दिवस कवायत. चौदा दिवसांची नोटीस देऊन घरी जायची मुभा. बोलावणार फक्त शत्रू प्रत्यक्ष चालून आला तर, किंवा किनाऱ्यासमोर दिसला तर, किंवा त्यातून देशात बंडाळी माजली तर. हे बंड म्हणजे आपलं बंड नव्हे, परकी स्वारीच्या गडबडीत इंग्लंडमध्येच होऊ शकेल ते. अशा माणसाला झाशीला किंवा कानपूरला पाठवता येत नाही. त्याला समुद्र ओलांडायला लावायची सोयच नव्हती.

शत्रू कोण? फ्रान्स. जानेवारी १८५८ मध्ये ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने पॅरिसमध्ये फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब टाकले. ते बॉम्ब इंग्लंडमध्ये बनवले होते. फ्रेंच अधिकारी खवळले, त्या प्रकरणात ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टनचं सरकार गेलं, आणि एप्रिल १८५९ मध्ये फ्रान्स ऑस्ट्रियाविरुद्ध लढाईत उतरल्यावर पुढचा नंबर आपला या भीतीने इंग्लंड हादरलं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, जिवावर येतं तरी. सत्तावन्नमुळे ब्रिटिश पलटणी मोठ्या संख्येने हिंदुस्थानात अडकल्या होत्या, घर रिकामं राहिल्याची भावना होती, आणि त्या भीतीला त्यानेही खतपाणी मिळालं. तात्या टोपेंना शिप्रीला (आजचं शिवपुरी) फाशी दिली १८ एप्रिल १८५९ ला आणि परिपत्रक निघालं त्यानंतर चोवीस दिवसांनी. तारखा जवळ दिसल्या म्हणून कुणीतरी धागा जोडला असेल. पण उठाव दडपत आल्यावर तो दडपायला नवी फौज कोण उभारेल?

पैशाचं बोलू. सुरुवातीचे बहुतेक हॉल वर्गणीतून, मेळ्यांतून, गावातल्या धनिकांच्या देणगीतून झाले. लिंकनचा हॉल १८९० चा. तो बांधून दिला जोसेफ रस्टन या कारखानदाराने. नाव ओळखीचं वाटलं का? आपल्याकडे विहिरीवर धडधडणारं रस्टन इंजिन त्याच्याच वारसदार कंपनीचं, आणि चिंचवडला तिचा कारखाना होता. १९०५ मध्ये लिंकनमध्ये विषमज्वराची साथ आली तेव्हा याच हॉलचं तात्पुरतं इस्पितळ केलं. १९०८ मध्ये युद्धमंत्री हाल्डेनच्या सुधारणांनी व्हॉलंटिअर दलाचं टेरिटोरियल फोर्स झालं, परगण्यांच्या समित्यांकडे कारभार गेला आणि सरकारी पैसा खऱ्या अर्थाने तेव्हा आला.

लूट झाली नाही असं मी म्हणत नाही. सत्तावन्नचा लष्करी खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर कर्ज म्हणून लादला गेला, आणि तिथे राहणाऱ्या गोऱ्या पलटणींचा भार वर्षानुवर्षं आपल्या रयतेने सोसला. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले ते याच खर्चाच्या प्रश्नावर, आकडे घेऊन. हा पैसा ड्रिल हॉलच्या विटांत शोधाल तर सापडणार नाही.

किल्ल्यासारखे बुरूज ही त्या काळची फॅशन होती, आणि आत शस्त्रागार असल्यामुळे भिंती जाड, खिडक्या उंच. एवढंच.

पाट्यांचा मुद्दा मला फार लागला. आमच्या हॉलच्या दारातली पाटी पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावातल्या मुलांची आहे. टेरिटोरियल माणसं परदेशी गेली, हे खरं. बोअर युद्धातही व्हॉलंटिअर गेले होते. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये वेसेक्स आणि होम काउंटीज या टेरिटोरियल डिव्हिजन हिंदुस्थानला निघाल्या, तिथल्या नियमित पलटणींना आघाडीवर पाठवता यावं म्हणून. लंडनची टेरिटोरियल सायकलस्वार बटालियन १९१९ मध्ये पंजाबात होती, तेही लपवायचं कारण नाही. पण त्याच माणसांची दुसरी बाजूही आहे. मार्च १९१५ मध्ये हॅम्पशरची चौथी टेरिटोरियल बटालियन हिंदुस्थानातून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली. तिची एक कंपनी डिसेंबरपासून तिथल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली. त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि दोघे एकत्रच तुर्कांचे कैदी झाले. विंचेस्टरच्या ड्रिल हॉलमधून निघालेला पोरगा आणि साताऱ्याकडून निघालेला पोरगा, दोघांपैकी कितीतरी परत आले नाहीत. त्या पाटीवर बोट ठेवून "हे आपले मारेकरी" म्हणणाऱ्याने ती एकदा तरी वाचली आहे का?

आणि खरा अन्याय, जो मेसेजला दिसलाच नाही, तो हिंदुस्थानात होता. मुंबईत, पुण्यात, रेल्वेत व्हॉलंटिअर तुकड्या होत्या, पण त्या गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या. आपल्या माणसाला तिथलं दार जवळजवळ बंद होतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने वर हत्यार बाळगायलाही परवाना लागू झाला. काँग्रेसने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनातच मागणी केली की हिंदी लोकांनाही व्हॉलंटिअर होऊ द्या, आणि ती पुढे वर्षानुवर्षं रेटावी लागली. हिंदी टेरिटोरियल फोर्स आली ती १९२० मध्ये. आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गाला मी हेच शिकवणार आहे, त्याच हॉलमध्ये.

आई, तुमच्या ग्रुपवर हे टाका. गव्हाणीचा फोटोही टाका, तो आधी. त्या तीन घरांना मी स्वतः फोन करते आहे. शनिवारी दहा वाजता शाळा आहे, आणि तबेल्याचं दार मी मुद्दाम उघडं ठेवणार आहे.