विजेची गाडी धावली ती तारेला खालून टेकलेल्या दांड्यामुळे

विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा आणि ट्रामचा इतिहास सांगताना बहुतेक जण चाके फिरवणाऱ्या विद्युत मोटारीचे कौतुक करून थांबतात. मोटारीचे श्रेय कोणी नाकारत नाही, पण माझ्या मते खरा पेच वेगळाच होता : धावत्या गाडीपर्यंत वीज अखंड पोहोचवायची कशी, आणि तीही रस्त्यावरच्या माणसाला वा जनावराला धक्का बसू न देता.

जर्मन संशोधक वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुमारे ३०० मीटरच्या गोलाकार मार्गावर छोटी विद्युतगाडी चालवून दाखवली. दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या तिसऱ्या पट्टीतून तिला १५० व्होल्टची वीज मिळत असे. प्रदर्शनाच्या आवारात हे निभावले. मात्र १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिष्टरफेल्डे येथे ट्राम सुरू झाली, तेव्हा चाके ज्या रुळांवरून फिरत त्याच दोन रुळांतून १८० व्होल्टची वीज सोडण्यात आली. रस्ता ओलांडताना एखाद्या घोड्याचे पाय एकाच वेळी दोन्ही रुळांवर पडले की त्याला झटका बसे. ओल्या हवेत काय होत असेल, हे सांगायला नकोच. तिसरा रूळ भुयारात किंवा कुंपण घातलेल्या मार्गावर आजही उत्तम चालतो, कोलकात्याची मेट्रो त्यावरच धावते. परंतु भर रस्त्यात तो चालणे शक्य नव्हते.

वीज माणसाच्या हाताबाहेर, म्हणजे वर न्यायला हवी हे लक्षात आले, तरी तिथून ती घ्यायची कशी हा प्रश्न उरलाच. १८८३ मध्ये व्हिएन्नाजवळच्या मोडलिंगच्या ट्रामसाठी खालच्या बाजूने फट असलेल्या नळ्या खांबांवर टांगल्या गेल्या आणि त्यांच्या आत होडीसारखा एक तुकडा केबलने ओढत नेला गेला. अमेरिकेत लिओ डाफ्ट यांनी तारांच्या वरून धावणारी छोटी चाकगाडी वापरून पाहिली, पण ती वारंवार घसरून खाली येई. मूळ बेल्जियमचे चार्ल्स व्हॅन डेपोल यांनी विचारच उलटा केला. १८८५ मध्ये टोरांटोच्या प्रदर्शनात त्यांच्या गाडीच्या छतावरचा दांडा तारेला खालून दाबून धरत होता. तार थोडी वर-खाली झाली तरी दांडा तिच्या मागोमाग जाई, आणि निसटलाच तरी कोणाच्या डोक्यावर काही कोसळत नसे. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढी वर्षे लागावीत, याचे मला आजही नवल वाटते.

ही कल्पना शहरभर चालवून दाखवण्याचे श्रेय मात्र अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग यांचे. व्हर्जिनियातील रिचमंड येथे १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या आणि अवघड चढ असे काम त्यांनी अंगावर घेतले आणि २ फेब्रुवारी १८८८ रोजी नियमित सेवा सुरू केली. त्याच वर्षी बॉस्टनच्या घोडा-ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी पाहणीला आले. एकाच वेळी अनेक गाड्या निघाल्या तर वीजपुरवठा टिकेल का, अशी त्यांना शंका होती. स्प्रेग यांनी रात्री २२ गाड्या एका टोकाला लावल्या आणि एकापाठोपाठ सोडल्या. दिवे मंदावले, पण सगळ्या गाड्या निघाल्या. त्यानंतर बॉस्टनने विजेची निवड केली.

तारांमुळे शहर विद्रूप होते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. बुडापेस्ट, वॉशिंग्टन आणि लंडनच्या काही भागांत म्हणून रस्त्याखाली फटीची नाली खोदून तिच्यातून वीज दिली गेली. नालीत चिखल साचे, पाणी शिरे आणि बांधणीचा खर्च तारेच्या कित्येक पट येई. नालीची हद्द संपली की गाडी थांबवून नालीतून वीज घेणारा खालचा संपर्क-फाळ काढायचा, छतावरचा दांडा तारेला लावायचा आणि मगच पुढे निघायचे. सौंदर्यासाठी शहरांनी मोजलेली ही किंमत मला अवाजवी वाटते. अर्थात, हा हट्ट अजून संपलेला नाही. फ्रान्समधील बोर्दो शहराने २००३ मध्ये ट्रामसाठी जुन्या भागात पुन्हा जमिनीतूनच वीज दिली. फक्त गाडीखाली आलेल्या तुकड्यातच वीज सोडण्याची युक्ती तिथे आहे आणि ती कौतुकास्पद आहे, तरी सुरुवातीला तिनेही बराच त्रास दिला.

आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विद्युत लोकल धावली, ती १५०० व्होल्टच्या ओव्हरहेड वायरखालीच. पुढे मुंबईत २५,००० व्होल्ट आले आणि मोटारींची जातही बदलली. दांड्याच्या जागी आता पेंटोग्राफ, म्हणजे छतावरची वर-खाली होणारी घडीची चौकट, असतो. तो तारेला खालूनच दाबून धरतो, आणि त्याची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून सरळ मार्गावरही तार मुद्दाम किंचित नागमोडी ओढलेली असते.