‘घरी बसून पगार’ या प्रतिक्रियेबद्दल

नमस्कार.

शिक्षक संघटनांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की कोरोनाच्या काळात, 2020-21 मध्ये पोलीस, नर्स, बँकवाले, वायरमन सगळे कामावर होते, गुरुजी तेवढे घरी बसून पगार घेत होते. संघटनांनी शाळा उघडू दिल्या नाहीत, मुलं वाऱ्यावर सोडली आणि वर 50 लाखांच्या विम्यासाठी निवेदनं दिली, हे लोक ‘पैशाला हपापलेले’ आहेत, असंही तुम्ही म्हणता. जागतिक शिक्षक पुरस्कार मिळालेल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींना जमलं ते इतरांना का नाही, हाही सवाल आहे. उत्तर जरा लांबणार.

पगाराचं आधी, कारण ते लगेच संपतं. मार्च 2020 चा पगार सरकारी नोकरांच्या ‘क’ वर्गाला पहिल्या टप्प्यात 75 टक्केच मिळाला आणि बहुतेक शिक्षक ‘क’ वर्गातच मोडतात. उरलेले पैसे पुढे मिळाले, त्यामुळे त्याचं भांडवल मी करणार नाही. पण ‘घरी बसून’ हे मला मुळीच मान्य नाही.

जिल्हा परिषदेचे शिक्षक त्या वर्षी नाक्यावर गाड्यांचे नंबर टिपत होते. रेशन दुकानावर धान्यवाटप बघत होते. ज्या वर्गात शिकवायचं त्याच वर्गात उघडलेल्या विलगीकरण कक्षाची नोंदवही सांभाळत होते. 15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं, तेव्हा कितीतरी ठिकाणी थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्या पथकात बाई आणि गुरुजी होते. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतींचं मतदान झालं. निवडणूक जाहीर झाली होती 14,234 ग्रामपंचायतींची. मतदान केंद्रावर शाई लावायला कोण बसलं होतं, आठवतंय? गावानं शाळेत रांग लावून मत दिलं, आणि पाचवी ते आठवीचे वर्ग बऱ्याच जिल्ह्यांत 27 जानेवारीला उघडले. हा क्रम कोणत्याही संघटनेनं ठरवला नव्हता.

मग संघटना करत काय होत्या? बऱ्याच अंशी कागद मागत होत्या. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे. तहसीलमधून फोन यायचा, किंवा रात्री व्हॉट्सॲपवर यादी पडायची: उद्या सकाळी आठला अमुक नाक्यावर हजर. लेखी आदेश मागाहून यायचा, नाहीतर यायचाच नाही. आता 29 मे 2020 चा शासन निर्णय बघा. कोविडच्या कामावरचा कर्मचारी दगावला तर कुटुंबाला 50 लाख. मात्र दवाखान्यात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या 14 दिवसांत तो त्या कामावर होता, हे सिद्ध व्हायला हवं. फोनवरच्या हुकमाचं प्रमाणपत्र कोण देणार? त्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती, आणि त्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतनही लागू नव्हतं. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोच्या हातात त्या एका आदेशाशिवाय काय उरत होतं? त्यासाठी निवेदनं देणाऱ्यांना तुम्ही ‘पैशाला हपापलेले’ म्हणता.

हा कागद नसला की काय होतं ते उत्तर प्रदेशात दिसलं. एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, तिथे चार टप्प्यांत पंचायत निवडणुका झाल्या. मेमध्ये प्राथमिक शिक्षक संघानं निवडणुकीच्या कामानंतर दगावलेल्या 1,621 शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. सरकार म्हणालं, तीन. तीन! कारण नियमानुसार कर्तव्य म्हणजे घरातून निघाल्यापासून काम उरकून घरी परतेपर्यंतचा काळ. कोरोना काही मतपेटीजवळच माणसाला मारत नाही, आठ-दहा दिवस घेतो. ओरड झाल्यावर नियम बदलला, 30 दिवसांच्या आतले मृत्यू धरायचं ठरलं, आणि सगळी खाती मिळून दोन हजारांहून अधिक कुटुंबं 30 लाखांना पात्र ठरली. संघानं ती यादी केलीच नसती तर हिशेब तीनवरच मिटला असता.

शाळा उघडायला विरोध म्हणाल, तर 23 नोव्हेंबर 2020 ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची होती. चाचण्यांत जागोजाग शिक्षक बाधित निघाले आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत प्रशासनानंच तारीख पुढे ढकलली. सॅनिटायझर आणि थर्मल गनचा खर्च कशातून करायचा, हा प्रश्न विचारणं म्हणजे अडवणं नाही. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेत खडू-डस्टर भागवताना काय होतं ते एखाद्या मुख्याध्यापकाला विचारून बघा.

डिसले गुरुजींचा मलाही अभिमान आहे. पण डिसेंबर 2020 मध्ये त्यांना मिळालेला जागतिक पुरस्कार परितेवाडीत आधीची कित्येक वर्षं केलेल्या कामाचा होता. नाक्यावरच्या गुरुजींना झोडपायला त्यांचं नाव वापरू नये. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी स्वतः अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली होती.

मुलं वाऱ्यावर होती, हे मात्र तुम्ही खरं लिहिलंत. 2020 च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या साधारण 62 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. घरी होता म्हणजे मुलाच्या हातात होता असं नाही, तो बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जायचा. उरलेल्यांना ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ या घोषणेचा उपयोग काय? पारावर, देवळात चार-चार मुलं बसवून शिकवणारे शिक्षक होते आणि ग्रुपवर पीडीएफ ढकलून मोकळे होणारेही होते. या दुसऱ्यांबद्दल संघटना चकार शब्द काढत नाहीत, याचा मलाही राग आहे.

त्याहून मोठा राग वेगळाच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तो मुद्दा आलाच नाही. कायम शिक्षकांच्या मोठ्या संघटना आपल्या 50 लाखांसाठी भांडत होत्या, तेव्हा खासगी इंग्रजी शाळांनी किती शिक्षकांचे पगार निम्म्यावर आणले, किती जणांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलं! त्यांतल्या कुणी भाजी विकली, कुणी पार्सलं पोचवली. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक 2021 च्या सुरुवातीला अनुदानासाठी आझाद मैदानात बसले होते, ते आपल्या जिवावर. त्यांच्या कोविड ड्यूटीचा प्रश्न नव्हता, पगाराचाच पत्ता नव्हता. बड्या संघटनांचे पदाधिकारी तिथे येऊन भाषण करून गेले असतील, पण आपल्या सभासदांना घेऊन बसले नाहीत. यावर तुम्ही लिहा. तुम्ही ज्यांना ‘घरी बसलेले’ म्हणता त्यांच्यापेक्षा हे शिक्षक फार वाईट अवस्थेत होते, आणि त्यांच्यातले बरेच तेव्हा 20 आणि 40 टक्के अनुदानाचाच हिशेब मांडत होते.