साडेआठशे रुपये लिटर

आमच्या मंडपाच्या धंद्यात इंजिनं तीन : एक जुनी पिकअप, एक छोटा हत्ती आणि एक जनरेटर. मतं मात्र सात-आठ, कारण ऑईलच्या बाबतीत ज्याच्याकडे सायकल आहे त्यालाही मत असतं.

इतकी वर्षं हा विषय घरात नव्हता. मिस्त्री म्हणेल ते ऑईल, तो म्हणेल तेव्हा. त्याच्या शिफारशीमागचं शास्त्र मी एकदा जवळून पाहिलं. त्याने कॅनचं बूच फिरवलं, आत चिकटवलेलं कूपन नखाने अलगद सोडवलं, फडक्याला पुसलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून खिसा थोपटला. ऑईल मग ओतलं. गॅरेजच्या भिंतीवरचं घड्याळ असंच कूपनं साठवून मिळालेलं आहे, आणि त्यात आमच्या पिकअपचा निदान मिनिटकाटा तरी असेल.

मग दिवाळीत पुण्याहून मेव्हणा आला. त्याने पिकअपची ऑईल मोजायची पट्टी ओढून बघितली आणि विचारलं, “दाजी, अजून मिनरलच घालता?”

त्यातला ‘अजून’ मला फार लागला.

मेव्हण्याने फराळाचं ताट मांडीवर घेऊन मला सिंथेटिक समजावलं. मी ते माझ्या भाषेत असं लावून घेतलं : मिनरल, म्हणजे जमिनीतल्या क्रूडपासून गाळलेलं, ते बाजारातून आणलेले बांबू. एक जाड, एक बारीक, एक वाकडा, तरी मंडप उभा राहतो. सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात रेणू जुळवून बनवलेलं, ते एका मापात कापलेले पाईप. रेणू बरेचसे सारखे, म्हणून ते उष्णतेत लवकर करपत नाही, वाफ होऊन कमी उडतं आणि थंडीत पटकन वाहतं. हे सगळं खरं आहे. त्याने एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, ती मी नंतर वाचली. क्रूडवरच कसून प्रक्रिया केलेलं ऑईलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. १९९९ साली अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या याच्यावरून भांडल्या आणि ‘म्हणायला हरकत नाही’ असा निकाल लागला. म्हणजे बांबूच, पण रंधा मारलेला.

सिंथेटिकच्या कॅनवर लिहिलं होतं ५डब्ल्यू-४०. आमच्या जुन्या ऑईलवर १५डब्ल्यू-४०. हा डब्ल्यू म्हणजे वॅट असं आमचा ड्रायव्हर कित्येक वर्षं लोकांना सांगत आला आहे. तो डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. १५ची परीक्षा उणे वीस अंशांवर घेतात, ५ची उणे तीसवर. आमच्या कराडात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-अकरावर आला तरी लोक कानटोपी घालून एकमेकांना ‘लई थंडी’ म्हणतात. उणे तीसला आमची पिकअप सुरू होईलही, पण ती सुरू करायला बाहेर कोण येणार? आणि मागचा ४० दोन्हीकडे सारखाच. शंभर अंशांवर दोन्ही ऑईलं एकाच जाडीच्या पट्ट्यात.

हे सगळं कळल्यावरही मी सहा लिटर घेतलं. त्या ‘अजून’चं काहीतरी करायलाच हवं होतं.

हिशेब बायकोकडे असतो. तिने वहीचं मागचं पान उघडलं. मिनरल साडेतीनशे रुपये लिटर, सहा लिटरचे २,१००, दहा हजार किलोमीटरला बदली, म्हणजे किलोमीटरला २१ पैसे. सिंथेटिक साडेआठशे, सहा लिटरचे ५,१००. तेही दहा हजारालाच बदललं तर ५१ पैसे. मेव्हणा फोनवरून म्हणाला, “ताई, ते वीस हजार चालतं!” तरी साडेपंचवीस पैसे. “डिझेल एक टक्का वाचतं!” तो हटेना. बायकोने तेही मांडलं. गाडी बाराची सरासरी देते, किलोमीटरला साडेसात रुपयांचं डिझेल, त्याचा एक टक्का साडेसात पैसे. आता सिंथेटिक अठरा पैशांवर आलं. मी विजयी चेहऱ्याने बघितलं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, “आणि ड्रायव्हर टपरीसमोर गाडी चालू ठेवून चहा पितो, त्याचे किती टक्के?”

ऑईल बदलायला गॅरेजमध्ये गेलो. इंजिन गरम असतानाच चेंबरचा नट सोडतात, म्हणजे गाळासकट सगळं निघतं. मिस्त्रीने कोपरापर्यंत हात आत घातला. आधी एक थेंब, मग काळीभोर धार घमेल्यात पडली. घरातले वडीलधारे आबा शेजारी उभे होते. “बघ कसं काळं झालंय, दोन महिन्यांपूर्वीच बदलायचं,” हे ते प्रत्येक वेळी म्हणतात. डिझेल इंजिनाचं ऑईल चार दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. न होईल तर काळजी करावी. हे आबांना सांगण्याची हिंमत घरात कुणाला नाही.

मी माझा कॅन पुढे केला. मिस्त्रीने बूच उघडलं. नख आत फिरवलं. परत फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

“मालक, ह्यात कूपन न्हाई.”

“नसू दे.”

“मग ओरिजिनल कशावरनं?”

ते मधाच्या रंगाचं ऑईल आत जाताना तो दुखवट्याला आल्यासारखा उभा होता. शेवटी एवढंच म्हणाला, “ह्या गाडीला अमृत घातलं तरी ती निळाच धूर सोडनार. पिस्टनच्या रिंगा गेल्यात तिच्या.”

रिकाम्या कॅनवरूनही तंटा झाला. बुचासकट धड कॅनला भंगारवाला जास्त पैसे देतो. का देतो हे कळायला फार डोकं लागत नाही. म्हणून मी त्याला खिळ्याने भोक पाडलं. आबांना तो कॅन डिझेल आणायला हवा होता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी गोडाऊनच्या फरशीवर बशीएवढा डाग दिसला. मिस्त्री गाडीखाली झोपून आला आणि त्याने निदान केलं : इंजिनाचं मागचं सील आधीपासूनच गेलेलं, जुन्या ऑईलच्या गाळाने ते बुजलं होतं, नव्याने तो गाळ धुऊन काढला. म्हणजे साडेआठशे रुपये लिटरने आमच्या गाडीतला एकमेव कामाचा गाळ साफ केला होता.

सील बदलण्याआधी चिपळूणची ऑर्डर आली. पाईप, कनाती, गाद्या, वर सहा पोरं. पासिंग किती आणि माल किती, हे विचारू नये. कुंभार्ली घाटाच्या आधी पाटणला ड्रायव्हरने पट्टी काढली, झालरीच्या तुकड्याला पुसली, परत घातली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. त्याने समोरच्या दुकानातून दीड लिटर मिनरल घेऊन ओतलं आणि मला फोन केला, “मालक, टॉपअप मारलंय, काळजी नगं.” एकाच ग्रेडच्या घरातलं असेल तर मिसळल्याने इंजिन बिघडत नाही, पण वीस हजार किलोमीटरचं माझं स्वप्न पाटणच्या दुकानासमोर वहीतल्या पैशांच्या हिशेबासकट पातळ झालं.

उरला जनरेटर. मे महिन्यात बंद पेटीत तापलेलं इंजिन, वर हॅलोजन आणि डीजे. इथे तरी सिंथेटिकला वाव आहे असं वाटलं. मिस्त्रीने तासांचं मीटर दाखवलं. वर्षभरात दीडशे तासही भरले नव्हते. पुस्तकात लिहिलंय, पाचशे तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आमच्याकडे कायम वर्षच आधी येतं. जास्त टिकणारं ऑईल घालून ते तरुणपणीच फेकून द्यायचं, याला काय अर्थ आहे?

शेजारच्या जेसीबीवाल्याचं वेगळं. त्याचं मशीन दिवसाला दहा-दहा तास माती खातं. बदली एकदा टळली तर त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि त्या अर्ध्या दिवसापुढे ऑईलचे पैसे म्हणजे चिल्लर. तो सिंथेटिक घालतो आणि बरोबर करतो. धाकट्या भावाची बीएस-६ पिकअप आहे, त्याला तर मत असायचं कारणच नाही : धुराड्याच्या फिल्टरसाठी कमी राखेचं ऑईल लागतं आणि कोणतं ते पुस्तकात छापलेलं आहे. तो सुखी आहे.

पिकअपला सील बसलं आणि पुन्हा १५डब्ल्यू-४० आलं. कूपनवालं. मिस्त्रीने त्या दिवशी मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

छोट्या हत्तीसाठी मेव्हण्याने हौसेने पाठवलेल्या कॅनला मी हात लावू दिला नाही. तरी आबांनी त्यातलं वाटीभर काढून गोडाऊनच्या शटरला घातलं. ते शटर वीस वर्षं असं करकरायचं की मी आलोय हे मागच्या गल्लीत कळायचं. परवा दुपारी दीड वाजता मी ते एका हाताने वर केलं. आवाज नाही. आत गाद्यांच्या थप्पीवर ड्रायव्हर घोरत होता, पोरं कनातीत गुंडाळून झोपली होती आणि टेबलफॅन त्यांच्यावर फिरत होता.

ड्रायव्हरने एक डोळा उघडला, शटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मालक,” तो म्हणाला, “शटरला आपलं मिनरलच बरं होतं.”